बगी चढावर दम सोडते: कंट्रोलर बदलण्याआधी काय काय मोजावं?

कोकणवारा
दापोलीजवळच्या रिसॉर्टवरची सहा आसनी इलेक्ट्रिक बगी. मूळची गोल्फ कार्टच, मागे सीट वाढवलेल्या. ४८ व्होल्ट, ८ व्होल्टच्या ६ पाण्याच्या बॅटऱ्या, वय ३ वर्षं. सिरीज मोटर (ब्रशवाली डीसी मोटर), सोलेनॉइड (बॅटऱ्यांचा जाड करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच), कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), पेडलखाली पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते कंट्रोलरला कळवणारा पॉट).

सपाटीवर छान पळते. गेटपासून रिसेप्शनच्या चढाला चार माणसं बसली की अर्ध्यावर मंदावते आणि थांबते. मिनिटभर थांबून पेडल दाबलं की पुन्हा दहा-पंधरा मीटर जाते. रात्रभर चार्जिंग करून सकाळी टोकाटोकाला ५०.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे बॅटऱ्या ठीक असाव्यात. सोलेनॉइडचा टक्क आवाज येतो. मेकॅनिकच्या मते कंट्रोलर गेला. तो महाग आहे आणि एकदा जोडला की दुकानदार परत घेत नाही. त्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासू? जवळ साधा डिजिटल मल्टिमीटर आहे.

तांब्याची तार
कंट्रोलर मागवू नका. गेलेला कंट्रोलर मिनिटभर विश्रांती घेऊन बरा होत नाही.

मिलीव्होल्ट
तुमचे ५०.१ व्होल्ट उभ्या बगीचे आहेत. त्यावरून बॅटऱ्यांमध्ये चार्ज किती आहे याचा अंदाज येतो, ओढायची ताकद कळत नाही. शिवाय पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेला ४८ व्होल्टचा पॅक (सगळ्या बॅटऱ्या मिळून) ५०.९ च्या आसपास दाखवतो. रात्रभर चार्जिंगनंतर ५०.१ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

सोलेनॉइडच्या आवाजाचंही तसंच. टक्क झालं म्हणजे कॉइल ओढते आहे. आतले तांब्याचे संपर्क जळले असले तरी आवाज तसाच येतो.

तुमचा दोष लोडवर, म्हणजे ओझं ओढताना दिसतो, तेव्हा मोजायचंही लोडवरच. मीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवा, मगरचिमटे लावलेल्या लांब वायरी घ्या. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून आकडे लिहायचे. त्याच चढावर, तेवढीच माणसं बसवून:

आधी पॅकची दोन टोकं. मग प्रत्येक बॅटरी वेगळी, म्हणजे चढावर सहा फेऱ्या. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांच्या मध्ये. मग पॅकच्या निगेटिव्ह पोस्टपासून कंट्रोलरच्या बी-मायनसपर्यंत (बॅटरीचं निगेटिव्ह जोडायचा बोल्ट; बी-प्लस पॉझिटिव्हचा). शेवटी कंट्रोलरच्याच बी-प्लस आणि बी-मायनसमध्ये.

मीटरचं टोक केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नको, बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा. लग आणि पोस्ट यांच्यातच क्षार धरलेला असेल तर लगवर मोजून तो दोष झाकला जातो.

आर्मेचर
मिलीव्होल्ट यांच्याशी पूर्ण सहमत. सोलेनॉइडपाशी एक चकवा आहे. जाड बोल्टांना समांतर एक रेझिस्टर असतो, साधारण २५० ते ४७० ओहमचा. तो कंट्रोलरमधले कपॅसिटर आधीच हळूहळू भरून ठेवतो. तो नसेल तर संपर्क मिटताक्षणी रिकाम्या कपॅसिटरकडे करंटचा लोंढा जातो, ठिणगी पडते आणि संपर्क चिकटतात.

त्यामुळे सोलेनॉइडचे संपर्क सुटे असतानाही कंट्रोलरच्या बाजूला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतं. लोकांना वाटतं सप्लाय पोचतोय, सोलेनॉइड ठीक. पेडल दाबून बघा. संपर्क मेले असतील तर त्या रेझिस्टरमधून ०.२ अँपिअरच्या वर काही येत नाही, कंट्रोलरकडचं व्होल्टेज कोसळतं आणि दोन बोल्टांमध्ये अख्ख्या पॅकचं व्होल्टेज दिसतं. संपर्क अर्धे जळले असतील तर व्होल्ट-दीड व्होल्ट. चांगला सोलेनॉइड लोडवरही ०.१ व्होल्टच्या आतबाहेर राहतो.

उलट, पेडल न दाबता बोल्टांमध्ये पूर्ण पॅक व्होल्टेज दिसलं तर रेझिस्टर आतून तुटला आहे किंवा त्याची बारीक वायर निसटली आहे. तो आधी बदला, नाहीतर नवा सोलेनॉइडही टिकणार नाही.

पणजीकर
मोजायला बसण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. आठ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर पाना आडवा पडला तरी तो लाल होतो. पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळा. बॅटरीचा डबा उघडून दहा मिनिटं वारा लागू द्या, चार्जिंगनंतर आत हायड्रोजन असतो. रन-टो स्विच (चालवणं की ओढून नेणं ते ठरवणारा) असेल तर केबल सोडण्याआधी टो वर करा, आणि सोडल्यावर कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला थोडं थांबा.

आणि मीटरची काळी वायर चॅसीला लावू नका. मोटारसायकल, कार यांची सवय असणाऱ्यांची हीच चूक होते. बहुतेक बगींमध्ये पॅकचं निगेटिव्ह चॅसीला जोडलेलं नसतं, त्यामुळे चॅसीवरून घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही.

तांब्याची तार
पणजीकर, चॅसीवर व्होल्टेज दिसलं तर तेही उपयोगी आहे. बॅटरीच्या झाकणावर ॲसिड-धुळीचा ओला थर असला की तिथून ट्रेपर्यंत गळती होते. पोस्टला एक टोक आणि दुसरं टोक नुसतं झाकणाच्या प्लॅस्टिकवर फिरवा, दोन-तीन व्होल्ट दिसले तर तो थर वीज वाहतोय. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, टोपणं घट्ट असू देत, थेंबही आत जाता कामा नये. कोकणच्या खाऱ्या हवेत हे पावसाळ्याआधी आणि नंतर करायलाच हवं.

चालक मालक
माझ्या मते पेडलचा पॉट. घासलेला पॉट असला की गाडी झटके खाते, थांबते.

मिलीव्होल्ट
पॉट तपासावाच, पण या लक्षणाला तो बसत नाही. घासलेला पॉट पेडलच्या ठराविक जागी दगा देतो, मग सपाटीवरही देतो. इथे दोष ओझ्याबरोबर येतो आणि विश्रांतीने जातो. अशा चालीला दोनच कारणं ठळक: व्होल्टेज कोसळणं किंवा गरम होणं.

पॉट तपासायचाच तर प्लग काढून ओहमवर मोजा. दोन वायरींच्या नेहमीच्या पॉटला शून्याच्या जवळून ५ किलोओहमपर्यंत सलग चढायला हवं, काहींत उलट ५ वरून शून्याकडे. पेडल अगदी सावकाश दाबा. मध्येच आकडा उडाला तर तिथे पट्टी झिजली आहे. इंडक्टिव्ह सेन्सरच्या किंवा तीन वायरींच्या पेडलला ही ओहमची चाचणी लागू नाही, तिथे सप्लाय देऊन व्होल्टेज बघावं लागतं.

आर्मेचर
कोसळणं की गरम होणं, ते हाताने कळतं. बगी थांबल्या थांबल्या कंट्रोलरच्या ॲल्युमिनियम तळाला बोट लावा. कर्टिस कंपनीचे नेहमीचे कंट्रोलर मॉडेलनुसार ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला करंट कमी करायला लागतात, तिथे बोट ठरत नाही. आणि तापलेला कंट्रोलर निवायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. मिनिटभरात बगी परत निघत असेल तर बॅटरी सावरते आहे. ओझं काढलं की तिचं व्होल्टेज लगेच वर येतं.

आणखी एक. जागेवर ब्रेक दाबून पेडल दाबायचा प्रयोग करू नका. अडवलेल्या सिरीज मोटरमध्ये सगळा करंट कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलाच्या) त्याच दोन-चार पट्ट्यांतून जातो आणि त्या जळतात. मागची चाकं उचलून पूर्ण पेडल हेही नको, बिनओझ्याची सिरीज मोटर बेफाम वेग घेते. उचललीच तर घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको, आणि पेडल जेमतेम.

रिक्षा रिपेअर
इथे विषय निघालाय तर विचारतो. ई-रिक्षाला हेच लागू का? तीही ४८ व्होल्ट, १२ च्या ४ बॅटऱ्या. जागेवर थरथरते, ढकललं की निघते.

मिलीव्होल्ट
बॅटरी आणि केबलची तपासणी तीच. पण तुमची मोटर बीएलडीसी, तिला ब्रश नाहीत. थरथर आणि ढकलल्यावर निघणं हे हॉल सेन्सरचं (मोटरची फिरती जागा कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरचं) लक्षण. मोटरकडून येणाऱ्या बारीक पाच वायरी बघा: लाल-काळीत ५ व्होल्टच्या आसपास सप्लाय हवा. मग काळीपासून पिवळी, हिरवी, निळी एकेक मोजत चाक हाताने हळू फिरवा. प्रत्येकीने शून्य आणि पाचच्या मध्ये आलटून पालटून उडी मारली पाहिजे. एक जरी स्थिर राहिली तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेली. प्लगमध्ये पाणी शिरून पिन हिरवी पडलेली असते, आधी ती बघा.

फीनिक्सवासी
ॲरिझोनातून. इकडे नव्या कार्ट बऱ्याच एसी मोटरच्या आहेत. त्यांच्या कर्टिस कंट्रोलरवर लाल-पिवळा दिवा असतो, तो आधी वाचा, मग पाना उचला. लाल एकदा लुकलुकला की पुढे पिवळा जितक्या वेळा तितका पहिला अंक. लाल दोनदा, मग पिवळा दुसरा अंक. १४ म्हणजे प्रीचार्ज (कपॅसिटर आधी भरणं) झालाच नाही, २२ कंट्रोलर तापला, २३ व्होल्टेज खाली गेलं, ३६ एन्कोडर (मोटरचा वेग मोजणारा सेन्सर), ३८ कॉन्टॅक्टर (म्हणजे सोलेनॉइडच) चिकटला, ३९ कॉन्टॅक्टर मिटला नाही. ४७ आला तर बरेचदा दोष नसतोच, पेडल दाबून चावी फिरवलेली असते.

जुन्या कार्टबद्दल एक सूचना: सहा बॅटऱ्या दिसल्या म्हणून ४८ व्होल्ट समजू नका. टोपणं मोजा. तीन टोपणं म्हणजे ६ व्होल्ट आणि पॅक ३६ चा, चार म्हणजे ८ आणि पॅक ४८ चा.

नवशिकी
आमच्या सोसायटीची बगी चार महिने उभी होती, आता चार्जर लावला तर काहीच होत नाही. चार्जरच्या टोकांवर मीटर शून्य दाखवतो. चार्जर गेला ना?

तांब्याची तार
नाही, अजून नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरला आतला रिले ओढायला पॅकचंच व्होल्टेज लागतं. पॅक फार खाली गेला की रिले ओढत नाही. म्हणूनच सुट्या टोकांवर शून्य दिसणं त्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे. ताई, आधी पॅक मोजा. पस्तीसच्या खाली असेल तर प्रत्येक बॅटरी तिच्या व्होल्टेजच्या छोट्या चार्जरने तासदोन तास भरा, मग मोठा लावा. त्याआधी पाणी बघा: प्लेट उघड्या असतील तर त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर. पूर्ण भरणा चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरलं की चार्जिंगमध्ये पातळी चढते आणि ॲसिड बाहेर ऊतू जातं.

कोकणवारा
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी चार माणसं बसवून चढावर मोजलं. डीसी क्लॅम्प मीटर उसना मिळाला, त्यावर साधारण २२० अँपिअर.

बॅटऱ्या, पॉझिटिव्ह टोकापासून: १ – ७.२, २ – ७.१, ३ – ७.१, ४ – ४.१, ५ – ७.०, ६ – ७.१.
पॅक टोकाटोकाला ३९.१.
सोलेनॉइडच्या बोल्टांमध्ये १.४.
निगेटिव्ह पोस्ट ते बी-मायनस ०.५.
कंट्रोलरवर ३७.२.
कंट्रोलरचा तळ कोमट, हात ठरत होता.

उभ्या स्थितीत बाकी पाच ८.४ आणि ४ नंबर ८.१. एवढ्याशा फरकाकडे मी लक्षच दिलं नसतं.

मिलीव्होल्ट
फार नीट मोजलंत, हिशेब दशांशापर्यंत जुळतोय. सहा बॅटऱ्यांची बेरीज ३९.६, पॅक ३९.१, म्हणजे मधल्या पाच केबलींत मिळून ०.५ गेले. ३९.१ मधून सोलेनॉइडचे १.४ आणि निगेटिव्ह केबलचे ०.५ वजा केले की ३७.२, तुमचा कंट्रोलरवरचा आकडा. चोर लपायला जागाच उरली नाही.

४ नंबरमध्ये चार सेल. धडधाकट तीन सेल बाकीच्यांसारखे १.७८ ला धरले तर ५.३ होतात. तुम्हाला ४.१ मिळाले. म्हणजे चौथा सेल लोडवर उलटा पडतो, उणे १.२ व्होल्ट. तो नुसता रिकामा नाही, बाकी २३ सेलांचा करंट त्याच्यातून उलट ढकलला जातोय. हायड्रोमीटरने (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजून) खात्री करा.

सोलेनॉइड: १.४ गुणिले २२० म्हणजे ३०८ वॅट, २५ वॅटच्या बारा सोल्डरिंग आयर्न एका डबीत. तोही बदलायचा.

तळ कोमट आहे, म्हणजे कंट्रोलर तापत नाही. चढ जसा लांबतो तसा ४ नंबर आणखी खाली जात असणार आणि कंट्रोलर आपली खालची मर्यादा आली की करंट कापतो. तो त्याचं काम बरोबर करतोय.

चालक मालक
पटलं. पॉट नव्हे.

आर्मेचर
मधल्या केबलीही एकेक करून मोजा, ०.५ सारखे वाटलेले नसतील. सिरीज मोटरची जुनी बगी असेल आणि पुढे-मागेचा दांडा थेट जाड करंट तोडत असेल तर तिथले तांब्याचे संपर्कही बघा. तिथे वाया जाणारं व्होल्टेज (ड्रॉप) मोटरच्या बाजूला असतं, वरच्या हिशेबात दिसत नाही. चढ चढून झाल्यावर दांड्याच्या मुळाशी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर तेच.

कोकणवारा
हायड्रोमीटर, ४ नंबर: १.२५५, १.२६०, १.०८०, १.२५५. केबलींत ३ ते ४ मधली एकटी ०.३५ खाते, बाकी प्रत्येकी ०.०३ ते ०.०५. तिचा लग हलवल्यावर हिरवी भुकटी पडली.

आता प्रश्न: एकच बॅटरी बदलू की सहाही?

फीनिक्सवासी
सेलांत ०.०५० पेक्षा जास्त फरक म्हणजे बॅटरी गेली, तुमचा ०.१८० चा आहे. तीन वर्षांचा सेट असेल तर सहाही बदला. नवी बॅटरी जुन्यांत घातली की जुन्या लवकर रिकाम्या होतात, चार्जर त्यांच्यासाठी चालत राहतो आणि नवी उगाच उकळते.

तांब्याची तार
इथे मी वेगळं सांगेन. उरलेल्या पाच लोडवर ७.० ते ७.२ मध्ये आहेत, एकमेकींच्या इतक्या जवळ की सेट म्हणून अजून चालतील. नवी कोरी नको हे खरं. पण त्याच मापाची, तेवढ्याच वयाची वापरलेली बॅटरी मिळत असेल तर ती लोडवर मोजून घ्या आणि घाला. हंगाम निघेल. सहा एकदम घ्यायच्या तर पुढच्या पावसाळ्यानंतर घ्या, म्हणजे उभ्या उभ्या खराब होणार नाहीत.

पणजीकर
लिथियमचा विचार केलात का? वजन एकदम कमी होतं, पाण्याची कटकट नाही.

मिलीव्होल्ट
करता येईल, पण नुसता पॅक बदलून होत नाही. १६ सेलांचा लिथियम फॉस्फेट पॅक ५१.२ व्होल्टचा, त्याला ५८.४ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो. जुना लेड-ॲसिडचा चार्जर त्याला लावू नये. आणि त्याच्या बीएमएसची (पॅकमधल्या संरक्षक सर्किटची) सलग करंटची क्षमता कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा जास्त हवी. इथे चढावर २२० अँपिअर वाहतात. १०० अँपिअरचा बीएमएस असलेला स्वस्त पॅक बसवला तर बगी त्याच चढावर बंद पडेल, तीही मंदावल्याशिवाय झटकन. सोलेनॉइड आणि केबली आधी दुरुस्त करा. ते दोष कोणत्याही बॅटरीबरोबर तसेच राहतील.

आर्मेचर
कोकणवारा, एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ४ नंबर मेली, आणि बाकी पाचांत सर्वांत खाली ५ नंबर, ७.०. दोघी शेजारी. बगीवर दिवे, हॉर्न, म्युझिक असं काही नंतर बसवलंय का? ते कुठून घेतलंय?

कोकणवारा
छताला एलईडी पट्ट्या आणि म्युझिक सिस्टीम आहे, दोन वर्षांपूर्वी बसवली. आत्ता झाकण उचलून वायरी धरून बघितल्या. ४ च्या पॉझिटिव्हवरून लाल, ५ च्या निगेटिव्हवरून काळी. दोन्हीत मिळून १६ व्होल्ट.

आर्मेचर
मग कारण तिथेच आहे. त्या दोन बॅटऱ्या रोज संध्याकाळी बाकी चौघींपेक्षा जास्त रिकाम्या होत होत्या. चार्जर अख्ख्या पॅकचं व्होल्टेज बघून थांबतो, त्याला दोघी अर्धपोटी आहेत हे कळत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटवर सल्फेट बसत गेलं, त्यातला सर्वांत अशक्त सेल आधी गेला. दुसरी बॅटरी घालून ही वायर तशीच ठेवली तर पुन्हा हेच.

ती आधी काढा. ४८ चा १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्या. पट्ट्या आणि म्युझिक मिळून किती अँपिअर घेतात ते क्लॅम्पने मोजा आणि त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्या. इनपुट पॅकच्या दोन टोकांवरून, पॉझिटिव्हला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि चावीवर चालणारा छोटा रिले, म्हणजे उभ्या बगीत कन्व्हर्टर पॅक चोखत बसणार नाही.

कोकणवारा
वायर काढली. वापरलेली ८ व्होल्टची बॅटरी पाहून ठेवली आहे, लोडवर मोजूनच घेतो. सोलेनॉइड उद्या येतोय. बदलताना काय सांभाळू?

तांब्याची तार
टो वर, मग पॅकचं निगेटिव्ह सोडा आणि थोडं थांबा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो. जाड बोल्टाचा वरचा नट फिरवताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर बोल्ट आतल्या आत फिरतो आणि नवा सोलेनॉइड बसवतानाच तुटतो. रेझिस्टर नवाच घ्या. कॉइलवरच्या डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या तुकड्याची) पट्टीची बाजू कॉइलच्या पॉझिटिव्हकडे. उलटा लागला तर कॉइलला सप्लाय मिळताक्षणी फ्यूज जाईल, किंवा फ्यूज नसेल त्या ठिकाणी स्विच.

मिलीव्होल्ट
३ ते ४ मधली केबल घासून वापरू नका, नवी करा. लग तारेवर नीट दाबून घ्या, नुसतं ठोकून नको. पोस्टवर लग थेट शिशाला टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वर. लग आणि शिसं यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर आला की पुन्हा ड्रॉप. घट्ट करून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली, आधी नाही. पंधरा दिवसांनी सगळे नट पुन्हा एकदा बघा, शिसं दबतं. मग त्याच चढावर, तेवढीच माणसं घेऊन तेच आकडे परत टाका इथे.

कोकणवारा
टाकतो. शनिवारी माणसं मिळतील.